शब्द, कोंगा आणि सॅक्सोफोन: एका कृष्णवर्णीय रंगमंच-परंपरेची पार्श्वभूमी

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवितेने जॅझशी नाते जोडले, ते हिप-हॉपच्या जन्माच्या कितीतरी आधी. १९२० च्या दशकात लँगस्टन ह्यूज यांनी ब्लूज या कृष्णवर्णीय लोकसंगीताची लय कवितेच्या ओळींत आणली आणि १९५८ मध्ये चार्ल्स मिंगस यांच्यासारख्या वादकांसह आपल्या कवितांचे ध्वनिमुद्रणही केले. तिथे संगीत बहुतांशी साथीलाच होते.

ही रचना मोडली ती १९६० च्या दशकाच्या मध्याला. पुढे अमिरी बराका या नावाने ओळखले गेलेले कवी लेरॉय जोन्स यांनी १९६४ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेट’सोबत ध्वनिमुद्रित केलेली कविता आजही ऐकायलाच हवी. मिलफर्ड ग्रेव्हज यांचे ड्रम एका ठेक्यात अडकत नाहीत, सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन आपापल्या वाटेने जातात, आणि बराका अत्यंत संयत आवाजात जळजळीत शब्द उच्चारत राहतात. कोण कोणाची साथ करत आहे, हे सांगता येऊ नये, इतके सगळे एकजीव झालेले असते. फेब्रुवारी १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांचे जहाल नेते माल्कम एक्स यांची हत्या झाली, त्यानंतर बराका यांनी न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत ‘ब्लॅक आर्ट्स रेपर्टरी थिएटर’ उभारून कविता, नाटक आणि जॅझ थेट रस्त्यावर नेले. संस्था फार काळ टिकली नाही, पण तिच्यातून उभी राहिलेली ब्लॅक आर्ट्स चळवळ देशभर पसरली.

१९ मे १९६८ रोजी, म्हणजे माल्कम एक्स यांच्या जयंतीच्या दिवशी, हार्लेममधील एका उद्यानात ‘द लास्ट पोएट्स’ हा गट प्रथम लोकांसमोर आला. कोंगा या हाताने वाजवायच्या उंच ढोलाचा ठेका, सामूहिक घोष आणि त्यावर स्वार झालेली कविता, एवढ्याच सामग्रीवर त्यांचे प्रयोग होत. गटाचे नाव दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेले कवी केओरापेत्से कगोसित्सिले यांच्या कवितेवरून घेतलेले होते. त्यांचाच मुलगा पुढे अर्ल स्वेटशर्ट या नावाने नावाजलेला रॅपर झाला. (ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ राजकीय संघटनेचा तोच काळ, १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव तिथूनच घेतले.) लॉस एंजेलिसमध्ये वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीतील १९६५ च्या उठावानंतर ‘वॉट्स प्रॉफेट्स’ याच वाटेने निघाले. गिल स्कॉट-हेरन यांनी १९७१ च्या अल्बममध्ये रॉन कार्टर यांच्यासारख्या जॅझ वादकांना सोबत घेतले, तर जेन कॉर्टेझ यांनी मुलगा डेनार्डो कोलमन ड्रमवर असलेल्या आपल्या ‘फायरस्पिटर्स’ वाद्यवृंदासह अनेक वर्षे कविता सादर केल्या. रॅपच्या पूर्वजांची यादी करताना कॉर्टेझ यांचे नाव वारंवार गळते, हा मोठा अन्याय आहे.

१९७३ मध्ये ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्क यांच्या पार्ट्यांतून हिप-हॉप आकाराला आले. पुढे ध्वनिमुद्रणांचे तुकडे कापून पुन्हा वाजवणारे सॅम्पलर हे यंत्र आल्यावर जॅझ रॅपमध्ये शिरला खरा, पण मुख्यतः जुन्या तबकड्यांचे तुकडे होऊन. तुकडा कितीही सुंदर असला, तरी रॅपर थांबला म्हणून तो थांबत नाही आणि ऐनवेळी सुचलेल्या ओळीला उत्तर देत नाही. फिलाडेल्फियाच्या ‘द रूट्स’ने जिवंत वाद्यांवर रॅप उभा केला आणि लॉस एंजेलिसच्या ‘फ्रीस्टाइल फेलोशिप’ने जॅझ गायकांसारखी उत्स्फूर्तता शब्दांत आणली, तेव्हा ही उणीव भरून निघू लागली.

या परंपरेचा आजचा सर्वांत धारदार आविष्कार म्हणजे ‘इर्रिव्हर्सिबल एंटँगलमेंट्स’ हा जॅझ गट. २०१४ मध्ये ब्रुकलिनमध्ये पोलिसाच्या गोळीने अकाई गर्ली या निःशस्त्र तरुणाचा बळी गेला. त्यानंतर पोलिसी हिंसेविरुद्ध वादकांनी २०१५ च्या आरंभी घेतलेल्या कार्यक्रमातून हा गट जुळत गेला. त्यातील कवयित्री कमे आयेवा, म्हणजेच ‘मूर मदर’, फिलाडेल्फियाच्या हिप-हॉप आणि पंक वर्तुळांत घडल्या. वाक्य अर्धवट सोडणे, तेच शब्द पुन्हा पुन्हा आळवणे आणि ट्रम्पेटला वाट करून देत मागे सरणे, ही त्यांची पद्धत बराका आणि कॉर्टेझ यांच्याशी थेट नाते सांगते. त्यांच्या २०२२ मधील एकल अल्बममध्ये मेरी लू विल्यम्स आणि वुडी शॉ या जॅझमधील पूर्वसुरींच्या नावे रचना आहेत आणि त्याच अल्बममध्ये आजचे तरुण रॅपरही त्यांच्यासोबत आहेत.