न लिहिलेल्या नोंदीची किंमत

‘ही लॉगची ओळ काढू नका, काढली की प्रोग्रॅम बिघडतो.’ सी भाषेतल्या एका जुन्या लायब्ररीचा (म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमांनी वापरायच्या तयार कोडच्या संचाचा) कोड वाचताना ही टीप दिसली आणि मी तिथेच थांबलो. लिहिणाऱ्याने कारण शोधलं नव्हतं. ओळ टाकली, बिघाड गेला, एवढ्यावर श्रद्धा बसली. संगणकाच्या क्षेत्रात अंधश्रद्धा नसते असं समजणाऱ्यांनी अशा टिपा जरूर वाचाव्यात.

लॉग म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजायला गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून समुद्रात सोडत, ठरावीक वेळात किती गाठी सुटल्या ते वहीत लिहीत. ती वही लॉगबुक. प्रोग्रॅमही चालता चालता अशीच नोंदवही लिहितो: फाइल उघडली, जोडणी तुटली, मेमरी संपली.

पण लायब्ररी मोठी झाली की सगळ्या नोंदी एकाच ढिगात पडतात. ज्याला नेटवर्कची अडचण शोधायची आहे त्याच्यापुढे मेमरीच्या हजारो ओळी येऊन पडतात. म्हणून प्रत्येक नोंदीला दोन गोष्टी चिकटवाव्या लागतात: ती कुठल्या भागातून आली, म्हणजे तिचा वर्ग, आणि ती किती गंभीर आहे, म्हणजे तिची पातळी. १९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी सिसलॉग ही नोंदी ठेवणारी यंत्रणा लिहिली, त्यात हे दोन्ही होतं. आज तिच्या मानकात २४ वर्ग आणि ८ पातळ्या आहेत आणि दोन्ही मिळून एकच आकडा होतो: वर्गाला ८ने गुणा, पातळी मिळवा. मेलचा वर्ग २, ‘चूक’ या पातळीचा आकडा ३, म्हणून १९. वाचणाऱ्याने १९ला ८ने भागलं की भागाकारात वर्ग मिळतो, बाकीत पातळी. सुरेख आहे! मात्र ते वर्ग कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), मेल, छपाई अशा यंत्रणांसाठी ठरलेले. लायब्ररीच्या पोटातले भाग त्यात बसत नाहीत. ते आपले आपणच आखावे लागतात.

आता माझ्या आवडीचा भाग. नेटवर्कला १, फाइलला २, मेमरीला ४, कूटलेखनाला ८ असे आकडे द्या. द्विमान पद्धतीत यातल्या प्रत्येकाचा एकेकच बिट (० किंवा १ची एक जागा) पेटलेला, म्हणजे १ असतो, त्यामुळे ३२ बिटांच्या एका संख्येत ३२ वर्गांची बटणं मावतात. नेटवर्क आणि मेमरी चालू म्हणजे, उजवीकडून जागा मोजल्या तर, ०१०१. फाइलची नोंद आली, ००१०. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहा: एकाही जागी दोन्हीकडे १ नाही. नोंद सोडून द्या. प्रोसेसरला हे तपासायला एक-दोन सूचना पुरतात.

पण हे तपासायचं कुठे? पहिल्यांदा लिहिणारा प्रत्येक जण ते लॉगच्या फंक्शनच्या (नावाने बोलावता येणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या) आत तपासतो, आणि तिथे उशीर झालेला असतो. सी भाषेत फंक्शनमध्ये शिरण्याआधी त्याला कंसात दिलेल्या सगळ्या गोष्टींची मूल्यं ठरवली जातात. समजा कंसात आलेल्या सगळ्या डेटाचं वाचता येईल असं रूप करणारं फंक्शन बोलावलंय. तर ते राबतं, लांबलचक मजकूर तयार करतं, आणि मग आतला पहारेकरी म्हणतो, हा वर्ग बंद आहे. सगळी मेहनत वाया. उपाय म्हणजे मॅक्रो. तो फंक्शन नसतो. कंपायलरने (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) कोड समजून घेण्याआधीच तो बोलावलेल्या जागी मजकूर म्हणून उलगडतो. त्यामुळे ‘वर्ग चालू असेल तरच’ ही अट कंसाच्या बाहेर, आधी येते. बंद वर्गाची नोंद जवळजवळ फुकट होते, म्हणूनच ती कोडमध्ये कायम ठेवायला परवडते.

हल्ली सल्ला मिळतो की सगळंच लिहून ठेवा, नंतर एआय शोधून काढेल. मला तो पटत नाही. लिहायला वेळ लागतो, डिस्क भरते, आणि एकदा नोंदीत गेलेला पासवर्ड तिथेच राहतो.

आणखी एक. लायब्ररीने परस्पर पडद्यावर काही छापू नये. ती दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये पाहुणी असते, आणि तो प्रोग्रॅम त्याच वाटेने चित्राचा डेटा बाहेर पाठवत असेल तर आपली ओळ मधेच घुसून चित्र नासवते. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या लायब्ररीसारखं करावं: प्रोग्रॅमकडून एक फंक्शन घ्यायचं, नोंद त्याच्या हाती द्यायची. ती कुठे ठेवायची ते यजमान ठरवेल.

आता ती टीप. लॉगच्या ओळीच्या कंसात नीट पाहिलं तर तिथे पुढचा बाइट वाचून वाचनाची जागा एकाने सरकवणारं फंक्शन होतं. ओळ काढली की जागा सरकत नाही, तोच बाइट पुन्हा वाचला जातो. आणि गंमत पाहा, नेटवर्कच्या वर्गातली ही ओळ नुसती मॅक्रोमागे नेली असती तर नेटवर्कचा वर्ग बंद करताच बिघाड परत आला असता, कारण बंद वर्गाचा कंस उघडतच नाही. लॉगच्या कंसात फक्त पाहणारं काही असावं, बदलणारं नाही. ते फंक्शन मी वरच्या स्वतंत्र ओळीवर आणलं, त्याचं उत्तर एका चलात ठेवलं आणि लॉगला ते चल दिलं. मग नेटवर्कचा वर्ग बंद करून प्रोग्रॅम चालवला. तो नीट चालला, आणि मी टीप पुसून टाकली.