परमुलखातली अळंबी

२०११ सालच्या शेवटच्या रात्री ऑस्ट्रेलियात कॅनबेरा शहरात काही चिनी मंडळींनी तिथेच उगवलेली रानटी अळंबी शिजवून खाल्ली. त्यांच्यातला एक जण पेशाने आचारी होता. पुढच्या काही दिवसांत दोघांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. त्यांनी खाल्ली होती ती 'डेथ कॅप', म्हणजे अमानिटा फॅलॉइडिस. आशियात भाताच्या पेंढ्यावर वाढवतात त्या मशरूमशी तिचं रूप इतकं मिळतंजुळतं आहे, की अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले आशियाई लोक वारंवार फसले आहेत. हे मशरूम आपल्याकडेही पिकतं. ओडिशात तर ते घरोघरी माहीत आहे.

फसलेली माणसं अडाणी नव्हती. त्यांना अळंबी ओळखता येत होती, पण आपल्या गावची. कोकणात किंवा गोव्यात वारुळावर उगवणारी अळंबी जुन्या माणसांना बरोबर कळते, कारण जागा ठरलेली, पावसाचे दिवस ठरलेले, देठाचं लांब मूळ थेट वाळवीच्या घरात गेलेलं. ही अळंबी वाळवीनेच जोपासलेल्या बुरशीची असते आणि तशी वाळवी फक्त आफ्रिकेत आणि आशियात आहे. युरोप, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात तिच्यासारखं काही दिसलं, तर ते नक्की दुसरंच काहीतरी आहे.

डेथ कॅप मूळची युरोपची. सप्टेंबर ते नोव्हेंबर, पाऊस पडून हवा गार झाली, की ओक, बीच, चेस्टनट अशा झाडांखाली ती वर येते. तिचे तंतू झाडाच्या मुळांना बिलगून राहतात. झाडाकडून साखर घेतात, बदल्यात पाणी आणि खनिजं पुरवतात. या भागीदारीमुळेच ती जगभर पोचली. युरोपातून रोपं नेली, त्यांच्या मुळांबरोबर ही पाहुणी गेली. म्हणून ती घनदाट रानातच असेल असं नाही. शहरातल्या बागेत, रस्त्याकडेच्या ओकखालीही सापडते.

रंगावर विसंबू नये. टोपी साधारण ५ ते १५ सेंटीमीटर रुंद, बहुधा पिवळसर हिरवी, पण कधी फिकट होत जवळजवळ पांढरी. टोपीखालच्या पात्या पांढऱ्या, देठाला न चिकटलेल्या. देठावर वरच्या बाजूला झालरीसारखं लोंबतं कडं. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण मातीत लपलेली: देठाच्या बुडाशी एक पांढरी, पातळ पिशवी. कोवळेपणी अख्खी अळंबी या पिशवीत बंद असते आणि अंड्यासारखी दिसते. सुरीने जमिनीलगत कापलं की पिशवी मातीतच राहते आणि घरी येतो तो खूण गमावलेला नमुना. म्हणून ओळखायची असेल तर अळंबी कधी कापू नये, बोटांनी किंवा काडीने बुडापासून उकरावी.

पण पिशवी पेंढ्यावरच्या मशरूमलाही असते आणि तेही अंड्याच्या अवस्थेतच बाजारात येतं. मग फरक कसा करायचा? वाढलेल्या अळंबीत दोन गोष्टी बघायच्या. पेंढ्यावरच्या मशरूमला देठावर कडं नसतं आणि त्याचे बीजाणू, म्हणजे पात्यांमधून गळणारं बारीक बी, गुलाबी असतात. डेथ कॅपचे पांढरे. एकेक बीजाणू डोळ्यांना दिसत नाही, पण लाखो एकत्र पडले की रंग कळतो. त्यासाठी देठ काढून टोपी पात्या खाली करून कागदावर ठेवायची. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्यावा, म्हणजे पांढरा ठसाही लपत नाही. वर वाटी उपडी घालून रात्रभर सोडायचं. सकाळी पात्यांची नक्षी कागदावर पावडरीत उमटलेली असते. एलियास फ्राइस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२१ पासून अळंबीची वर्गवारी मांडताना बीजाणूंच्या रंगाला मोठं स्थान दिलं, ते उगाच नाही. उष्ण प्रदेशातल्या हिरवळीवर, भारतातही, क्लोरोफायलम नावाची एक देखणी पांढरी अळंबी येते. तिचा ठसा मळकट हिरवा पडतो. ती खाल्ली की जोरदार उलट्या होतात.

ठशाला मर्यादा आहे, हेही सांगायला हवं. पांढरा ठसा देणाऱ्या खाद्य जाती पुष्कळ आहेत. ठसा फक्त चुकीची नावं यादीतून खोडतो. फोनवरच्या ओळख-ॲपवर तर माझा काडीचाही भरवसा नाही. वरून काढलेल्या फोटोत ना पिशवी येते, ना वास, ना ठसा.

कुरणात चित्र वेगळं. तिथली अगॅरिकस कॅम्पेस्ट्रिस दुकानातल्या बटन मशरूमची जवळची नातेवाईक. तिच्या पात्या आधी गुलाबी, मग चॉकलेटी होतात, बुडाशी पिशवी नसते. तिच्यासारखीच दिसणारी एक जात मात्र पोट बिघडवते. देठाचं बूड चिरलं की तिथे झटकन गडद पिवळा रंग चढतो आणि शाई किंवा फिनाइलसारखा वास येतो.

चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, गोगलगायीने खाल्ली तर सुरक्षित, असल्या कसोट्या सगळीकडे ऐकू येतात आणि सगळ्या खोट्या आहेत. गोगलगाय डेथ कॅप आनंदाने खाते. चवीवरूनही कळत नाही. वाचलेल्यांनी ती रुचकर होती असंच सांगितलंय. तिच्यातली अमाटॉक्सिन नावाची विषं उकळून, तळून, वाळवून नष्ट होत नाहीत. पेशीत जनुकांची नक्कल काढणारं एक विकर (एन्झाइम) ती बंद पाडतात, मग नवी प्रथिनं बनणं थांबतं. यकृतातून ती पित्तात जातात, पित्तातून आतड्यात आणि आतड्यातून पुन्हा यकृतात. हा फेरा चालूच राहतो.

स्वित्झर्लंडमध्ये अनेक गावांत अळंबी तपासणारे अधिकृत निरीक्षक असतात. हंगामात लोक टोपल्या घेऊन त्यांच्याकडे जातात. अळंबी बुडासकट, अख्खी, प्रत्येक जात वेगळी ठेवून आणायची, असा त्यांचा आग्रह असतो. फ्रान्समध्ये हेच काम औषधविक्रेते करत आले आहेत, कारण अळंबीचा अभ्यास त्यांच्या शिक्षणाचा भाग आहे. माझ्या मते परदेशात राहणाऱ्याने पुस्तक घेण्याआधी असा माणूस शोधावा.

चूक झालीच, तर घड्याळ फार महत्त्वाचं. डेथ कॅप खाल्ल्यावर सहसा ६ ते १२ तास काहीच होत नाही. मग उलट्या, जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटू लागतं, रुग्ण घरी जायला निघतो, आणि याच काळात यकृत मरत असतं. म्हणून बरं वाटण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावं, उरलेली भाजी, साली, कचऱ्यातले तुकडेसुद्धा सोबत न्यावेत आणि जेवण किती वाजता झालं ते सांगावं. उलट्या तासाभरात सुरू झाल्या म्हणून डेथ कॅप नव्हती, असंही धरून चालत नाही: एकाच कढईत दोन जाती शिजलेल्या असू शकतात.