पोटपट्टा सुटल्यानंतर

गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडणे या भागांतल्या अनेक घरांत बाळंतिणीचे पोट अजूनही बांधतात. निगडीच्या पाल्याच्या कढत पाण्याने न्हाणे झाले, की आजी किंवा अंग रगडायला येणारी बाई जुने मऊ सुती लुगडे फाडून केलेला पट्टा कमरेभोवती आवळते. सव्वा महिन्याने पट्टा सुटतो आणि आरशात दिसते, की पोट अजून पाच महिन्यांच्या गरोदर बाईइतके पुढे आहे. मग बोलणी सुरू होतात. नीट बांधले नसणार, लाडू जास्त झाले असणार, आळशीपणा नडला असणार. ही बोलणी ऐकून घेणाऱ्या सगळ्या मुलींना आधी एवढेच सांगायचे आहे: बऱ्याचदा यात चरबीचा किंवा आळसाचा काही संबंध नसतो. पोटाची पुढची भिंत मधोमध ताणली गेलेली असते.

या भिंतीत फासळ्यांपासून जांघेच्या वरच्या हाडापर्यंत दोन लांब सरळ स्नायू शेजारी शेजारी उतरतात. मध्ये त्यांना जोडणारी पट्टी असते, लिनिया अल्बा. ती स्नायू नव्हे. कोलॅजनचे धागे आडवे-तिरपे विणून ती तयार होते, साधारण काथ्याच्या चटईसारखी. गर्भ वाढतो तसा या विणीवर आतून दाब येतो, गरोदरपणातल्या संप्रेरकांनी ती सैलही पडते, आणि मग पट्टी रुंद व पातळ होऊन दोन्ही स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. डॉक्टर याला डायस्टॅसिस रेक्टी म्हणतात. बाळाला जागा हवी म्हणून शरीराने केलेली ही सोयच आहे. पोर्तुगालमध्ये 84 बायकांची तपासणी झाली, तेव्हा गरोदरपणाच्या 35व्या आठवड्यात ही फट प्रत्येकीला होती. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी ती 39 टक्के जणींत उरली. नॉर्वेतल्या 300 पहिलटकरणींच्या 2016 सालच्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी 60 टक्के आणि वर्षाने जवळजवळ 33 टक्के जणींना फट होती. म्हणजे वर्ष उलटले तरी तिघींतली एक.

घरच्या घरी पाहायचे तर उताणे निजून गुडघे वाकवावेत. बेंबीच्या वर दोन-तीन बोटे आडवी टेकवावीत आणि डोके व खांदे जरासेच उचलावेत. बोटांच्या दोन्ही बाजूंना स्नायूंच्या कडा लागतात. त्यांच्यामध्ये दोन किंवा अधिक बोटे मावली, की फट आहे असे साधारणपणे धरतात. बेंबीपाशी आणि तिच्या खालीही असेच बघावे. बायका इथेच थांबतात, बोटे मोजतात आणि रडकुंडीला येतात. माझ्या मते रुंदीइतकेच महत्त्व बोटाखाली काय लागते याला आहे. बोट मऊ कणकेत रुतल्यागत खोल जाते, की खालची पट्टी ताठ होऊन त्याला अडवते? आता श्वास सोडत ओटीपोट हलकेच आत घ्यावे आणि पुन्हा डोके उचलावे. या वेळी बोटाखाली ताण जाणवला, तर रुंदी तेवढीच असली तरी भिंत काम करू लागली आहे.

व्यायामाची सुरुवात श्वासापासून होते. श्वास घेताना फासळ्या बाजूला फुलू द्याव्यात. सोडताना लघवी रोखून धरल्यासारखे ओटीच्या तळाचे स्नायू वर ओढावेत, म्हणजे पोटाचा सर्वांत आतला, कमरेला वेढणारा आडवा स्नायू आपोआप आवळतो. साधे बाळंतपण असेल तर थोड्या दिवसांत हे जमते. सिझेरियन असेल तर डॉक्टरांना विचारून. पुढे टाच जमिनीवरून सरकवणे, कंबर उचलणे, मग उठाबशा. पोट मधोमध डोंगरासारखे वर येऊ लागले तर तो व्यायाम अजून जड आहे, एक पायरी मागे यावे.

निजून डोके-खांदे उचलण्याचा व्यायाम वर्षानुवर्षे निषिद्ध मानला गेला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या चाचणीत बाळंतपण होऊन सहा ते बारा महिने झालेल्या 70 बायका होत्या. त्यांतल्या निम्म्या जणींनी बारा आठवडे हाच व्यायाम केला. फट वाढली नाही, पोटाची ताकद वाढली. फट कमीही झाली नाही, हेही सांगायला हवे. ताकद आणि रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रोजच्या जगण्यात उपयोग ताकदीचा होतो.

मग लुगड्याचा पट्टा? सिझेरियनच्या जखमेला आणि ढिल्या पोटाला त्याने आधार मिळतो, उठताना बरे वाटते. श्वास मोकळा राहील इतपतच बांधला तर खुशाल बांधावा. पण फट त्याने मिटते असा भक्कम पुरावा नाही, आणि स्नायूंचा व्यायाम पट्टा करत नाही. खाटेवरून सरळ न उठता कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठणे, बाळाला छातीशी घेऊन श्वास सोडत उचलणे, बद्धकोष्ठ होऊ न देणे, या सवयींनी अधिक भले होते. नॉर्वेच्याच 2016 सालच्या अभ्यासात आठवड्यातून वीस किंवा अधिक वेळा जड वजन उचलणाऱ्या बायकांत वर्षानंतरही फट आढळण्याचे प्रमाण जास्त होते. तेव्हा भरलेली कळशी आणि गॅसचा सिलिंडर काही महिने घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचलावा. यात लाड कसले?

बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची लस द्यायला आई आरोग्य केंद्रात जातेच. तिथे स्वतःचे पोट दाखवून फिजिओथेरपिस्टकडे पाठवायला सांगता येते. खोकताना लघवी गळत असेल तर नक्कीच सांगावे. त्यावर इलाज आहे, लाजेपायी तो राहून जातो. बेंबीपाशी गाठ फुगत असेल तर सर्जनला दाखवायला हवी, कारण तो हर्निया असू शकतो. गाठ दुखू लागली, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दोन्ही स्नायू टाके घालून जवळ आणण्याची शस्त्रक्रियाही असते. व्यायाम पुरेसे करूनही त्रास राहिला तरच तिचा विचार होतो, आणि तोही पुढचे मूल नको हे नक्की झाल्यावर, कारण पुन्हा दिवस गेले की ती शिवण पुन्हा ताणली जाते.