यानुस (जेनस)

दारे, वाटा आणि आरंभ यांचा प्राचीन रोमन देव. एक तोंड पुढे, एक मागे अशी दुमुखी मूर्ती. प्रार्थनेत पहिले नाव याचे, देवांचा राजा ज्युपिटरही त्याच्यानंतर. त्याच्या तोडीचा देव ग्रीकांकडे नाही, हे ओव्हिड या कवीने आवर्जून नोंदवले आहे.

लॅटिनमध्ये ‘यानुस’ हे साधे नामही आहे : येण्याजाण्याची कमान, छपरी वाट. दाराला ‘यानुआ’, दारवानाला ‘यानितोर’ आणि वर्षाच्या एका महिन्याला ‘यानुआरिउस’ म्हणत. तोच आपला जानेवारी. नावाच्या अर्थाबद्दल रोमनांतच एकमत नव्हते. वक्ता व लेखक सिसेरो ते ‘इरे’ म्हणजे जाणे या क्रियापदाशी जोडतो. काहींनी ‘हिआरे’, आ वासणे, हे मूळ मानले आणि देवाला आद्य पोकळीशी, केऑसशी, नेऊन भिडवले. निगिदिउस फिगुलुस या रोमन विद्वानाच्या मते यानुस म्हणजे अपोलो देव आणि ‘याना’ म्हणजे डायाना देवी. ही ओढाताण वाटते. आजचे भाषाशास्त्रज्ञ सिसेरोच्याच दिशेने जातात. त्यांच्या मते धातू ‘जाणे’ या अर्थाचा, संस्कृत ‘या’चा सगोत्र, याति, यान हे शब्द त्यातलेच. मराठी ‘जाणे’ही ‘याति’वरूनच आले. म्हणजे जानेवारी आणि जाणे हे दूरचे भाऊबंद. ‘य’चा ‘ज’ मात्र दोघांनी आपापल्या घरी केला.

संस्कृतचा इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स याने १८ व्या शतकात यानुसची सांगड गणपतीशी घातली. आरंभीचा मान दोघांना आहे, हे खरे. पण एक विघ्ने दूर करतो, दुसरा स्वतःच वाट आहे. नावाकडे पाहिले तर ही तुलना फार पुढे जात नाही.

रोमच्या फोरममध्ये, म्हणजे मुख्य चौकात, यानुसचे छोटे देवालय होते. युद्धकाळात त्याची दारे उघडी, शांततेत बंद. परंपरेनुसार ती रोमच्या नुमा या आद्यकालीन राजाच्या काळी बंद राहिली, पुढे थेट कार्थेजशी झालेल्या पहिल्या प्यूनिक युद्धानंतर इ. स. पू. २३५ मध्ये मिटली. सम्राट ऑगस्टसच्या कारकिर्दीत ती तीनदा बंद झाली, आणि त्याने ते आपल्या कार्यवृत्तान्तात अभिमानाने लिहून ठेवले. पुढच्या काळातील सम्राट नीरोने तर मिटलेली दारे नाण्यांवर छापली.

इ. स. पू. १५३ पासून कॉन्सल (रोमचे सर्वोच्च वार्षिक अधिकारी) १ जानेवारीला पदभार घेऊ लागले. त्या दिवशी लोक एकमेकांना खजूर, अंजीर, मध देत. ओव्हिडच्या काळापर्यंत रोख नाणेही चालू लागले होते.

‘आस’ या जुन्या कांस्याच्या नाण्यावर एका बाजूला यानुस, दुसऱ्या बाजूला जहाजाची नाळ (पुढचे टोक) असे. आपल्याकडची मुले ‘छापा की काटा’ म्हणतात. रोमची मुले नाणे उडवताना ‘डोकी की जहाज’ ओरडत. डोके नव्हे, डोकी.