हेड गॅस्केट: बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड

इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं सिलेंडर हेड यांच्या मधे बसणारं पातळ पॅकिंग म्हणजे हेड गॅस्केट. गॅरेजात सरळ 'हेडचं पॅकिंग' म्हणतात. जळणाऱ्या गॅसचं प्रेशर, कूलंट आणि ऑइल, तिघांनाही एकमेकांत मिसळू न देणं हे याचं काम.

खरी गंमत दोन धातूंची आहे. ब्लॉक बिडाचा आणि हेड वजनाला हलकं, लवकर थंड होणारं म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं, असं बऱ्याच इंजिनांत असतं. एक मीटर बीड दर अंशाला साधारण 11 मायक्रॉन वाढतं आणि अ‍ॅल्युमिनियम 23, म्हणजे दुप्पट! 400 मिमी लांबीचं हेड 80 अंशांनी तापलं तर, मोकळं असतं तर, ब्लॉकपेक्षा पावणेचारशे मायक्रॉन जास्त लांबलं असतं. बोल्टने आवळलेलं असलं तरी ते थोडं सरकतंच आणि दर वेळी गाडी तापली की निवली की पॅकिंगवर घासतं. जुनी तांब्याच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस भरलेली किंवा ग्राफाइटची पॅकिंग अशी घासून फाटत जायची.

म्हणून 1990 च्या दशकापासून मल्टी-लेयर स्टील, म्हणजे एमएलएस गॅस्केट रुळलं. स्प्रिंग स्टीलचे तीन ते पाच पातळ थर, सिलेंडरभोवती उठवलेली गोल वळी, बाहेरून रबराचं कोटिंग. वळी स्प्रिंगसारखी दाबली जाऊन परत उठते, त्यामुळे हेड सरकलं तरी सील टिकतं. याच्यावर सिलिकॉन थापायचं नसतं, मॅन्युअलमधे एखाद्या जोडावर सांगितलं असेल तेवढंच, बाकी कोरडं. (पॅकिंगला शेलॅक, म्हणजे चिकट लाख, लावायची सवय असलेल्यांना हे पटायला वेळ लागतो.)

एमएलएसला फेस, म्हणजे ब्लॉक-हेडचा पॅकिंग बसतो तो पृष्ठभाग, मात्र गुळगुळीत लागतो. जुनं पॅकिंग काढताना एमरी डिस्क फिरवली की मऊ अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पडतात, वर डिस्कची झडलेली खरबरीत पूड ऑइलमधे जाऊन बेअरिंग खाते. प्लास्टिकच्या स्क्रेपरने सावकाश काढावं, सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघावं, हेड वाकलेलं असेल तर फेस मारून (मशीनवर घासून सपाट करून) घ्यावा. बोल्टच्या भोकात पाणी-ऑइल साचलेलं असलं तर टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) खोटं बोलतो, बोल्ट आवळल्यासारखा वाटतो पण हेड दाबलेलंच नसतं. आवळताना मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने.

गाडी एकदा जबर तापली की फुगलेलं अ‍ॅल्युमिनियम बोल्टखाली चेपतं आणि गार झाल्यावर पकड ढिली होते, मग पॅकिंग उडतं: पाणी कमी होत जातं, सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइल दुधाळ चहासारखं. कूलंटऐवजी नळाचं पाणी घातलं तर दोन धातूंच्या जोडीत अ‍ॅल्युमिनियमच आधी गंजतं, पाण्याच्या भोकांच्या कडांपासून.