चार तासांची जबानी, जी झालीच नाही

अमेरिकेत दिवाणी दाव्यातली जबानी, म्हणजे डिपॉझिशन, न्यायाधीशासमोर होत नाही. सुनावणीच्या आधीच दोन्हीकडचे वकील एका खोलीत बसतात, साक्षीदार शपथ घेतो आणि लघुलेखक शब्दन्‌शब्द टिपतो. अशा जबानीच्या हुकमाविरुद्ध लगेच अपील सहसा चालत नाही. आधी अंतिम निकाल, मग वरचं कोर्ट, हा तिथला १७८९ पासूनचा दंडक. पण तोवर जबानी होऊन गेलेली असते, आणि तोंडून गेलेला शब्द परत कसा घेणार? म्हणून वकील आडवाट धरतात: मँडॅमस, आपल्याकडचा परमादेश, म्हणजे वरच्या कोर्टाने थेट खालच्या न्यायाधीशाला द्यायचा आदेश, आणि सोबत स्थगितीचा तातडीचा अर्ज.

मंत्र्यांना या वाटेवर १९४१च्या मॉर्गन निकालाचा आधार मिळतो. कॅन्सस सिटीच्या गुरांच्या बाजारातल्या दरांवरून कृषिमंत्र्यांचीच जबानी झाली होती. निर्णय घेताना मंत्र्याच्या मनात काय चाललं होतं, हे असं खोदून विचारायचं नसतं, असं सुप्रीम कोर्टाने सुनावलं.

२०१८ मध्ये नेमकं मनातलंच विचारायचं होतं. वाणिज्यमंत्री विल्बर रॉस यांनी २०२०च्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न घालायचं ठरवलं. मतदान हक्क कायद्यासाठी न्याय खात्याने तशी मागणी केली, हे मार्चमधलं कारण. जूनमध्ये मात्र त्यांनीच लिहून दिलं की न्याय खात्याकडे आपणच आधी विचारणा केली होती. म्हणजे मागणी मागवून घेतलेली! या प्रश्नामागे स्थलांतरितांशी भेदभाव आहे, असं म्हणत दावा लागला होता; त्यात न्यूयॉर्कचे न्यायाधीश जेसी फर्मन यांनी २१ सप्टेंबरला रॉस यांच्या जबानीचा हुकूम दिला. तोही बेताचा: फक्त चार तास, आणि हवं तर त्यांच्याच खात्याच्या इमारतीत.

सरकार धावत वर गेलं. मधल्या अपील कोर्टाने दाद दिली नाही. सुप्रीम कोर्टाने २२ ऑक्टोबरला रॉस यांची जबानी रोखली, पण न्याय खात्याचे अधिकारी जॉन गोर यांची होऊ दिली. ५ नोव्हेंबरला सुनावणी सुरूही झाली.

या स्थगितीची किंमत वादींनी मोजली, असं माझं मत. जानेवारी २०१९च्या निकालात फर्मन यांनी मतदान हक्काचं कारण हा निव्वळ बहाणा ठरवला. भेदभावाचा हेतू मात्र सिद्ध झाला नाही म्हणाले, आणि रॉस यांची जबानी नसल्याचा तिथे उल्लेख केला. बहाण्यासाठी कागदपत्रं पुरेशी ठरली. जूनमध्ये सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनाही, पाच विरुद्ध चार मतांनी, ते कारण रचलेलंच वाटलं. प्रश्न जनगणनेत आला नाही.

रॉस यांच्या जबानीच्या वादातून निघालेल्या मुद्द्यावर सुप्रीम कोर्टाने १९ फेब्रुवारी २०१९ ही तारीख दिली होती. फर्मन यांचा निकाल आधीच लागल्याने ती सुनावणी रद्द झाली.