एक पेटी भरायला किती वेळ लागायला हवा?

अभियांत्रिकी प्रवेशाच्या दिवसांत नागपुरातल्या पालकांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘मेकॅनिकल नाही मिळालं तर इंडस्ट्रियल घे, कारखान्यात देखरेखीचंच तर काम असतं.’ हा गैरसमज आहे. एखाद्या कामाला वेळ किती लागतो आणि किती लागायला हवा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर शोधता शोधता इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग हा व्यवसाय घडला.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ला सुरू झाली. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून पुढे तिथे हवा दमट ठेवणारी यंत्रणा बसली. विचार याच विद्येचा होता, पण तिला अजून नाव नव्हतं. १८८१च्या सुमारास अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी पोलाद कारखान्यात स्टॉपवॉच आणलं. फ्रँक गिलब्रेथ यांनी विटा आणि मसाला गवंड्याच्या कमरेच्या उंचीवर आणून एका विटेमागच्या १८ हालचाली ५वर आणल्या. १९०९मध्ये पेनसिल्व्हेनियात या विषयाचा महाविद्यालयीन विभाग निघाला. मुंबईत हा विषय शिकवणारी ‘निटी’ ही संस्था (आताची आयआयएम मुंबई) १९६३ची.

आता खरी गंमत. संत्र्यांची पेटी भरण्याचं काम घ्या. आधी ते तुकड्यांत पाडायचं: रिकामी पेटी उचलणं, फळं रचणं, झाकण लावणं. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि शेवट डोळ्याला किंवा कानाला स्पष्ट कळला पाहिजे, नाहीतर प्रत्येक नोंदीत वेगळीच वेळ येते. मग बऱ्याच फेऱ्या मोजायच्या. समजा, सरासरी १.२० मिनिटं आली. पण ज्याला मोजलं तो चपळ असेल तर? म्हणून त्याच्या वेगाला अंक द्यायचा. हे रेटिंग. ब्रिटिश पद्धतीत ताशी ६.४ किलोमीटर चालणं म्हणजे १००, म्हणजेच प्रमाण वेग. किंवा ५२ पत्ते चौघांना २२.५ सेकंदांत वाटणं म्हणजे १००. आपल्या कामगाराला ११० दिले, तर १.२० × १.१० = १.३२ मिनिटं. त्यावर थकवा, पाणी, लघुशंका यांसाठी १५ टक्के सूट धरली की १.५२ मिनिटं. आठ तासांत साधारण ३१६ पेट्या.

रेटिंग मात्र माणूस नजरेनं ठरवतो. त्याच कामगाराला ११०ऐवजी १०० दिले, तर अपेक्षा ३४८ पेट्यांवर जाते. ३२ पेट्यांचा हा बोजा कामगारावर पडतो आणि घड्याळात चूक सापडतच नाही. १९११मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्यांनी स्टॉपवॉचविरुद्ध संप केला. १९१५मध्ये अमेरिकी संसदेनं अशा शस्त्रागारांत वेळ मोजण्यावर बंदी घातली. त्या कामगारांची तक्रार रास्त होती असं माझं मत आहे. ‘एआय कॅमेरा आता सगळं मोजेल’ असं सांगून वस्तू विकणाऱ्यांनाही हेच विचारावं: सेकंद कॅमेरा मोजेल, पण १०० म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवलं?

फेऱ्या किती मोजायच्या, यालाही हिशेब आहे. प्रमाण विचलनाला (नोंदी सरासरीपासून साधारण किती दूर पसरल्या आहेत, त्या आकड्याला) सरासरीनं भागा, ४०नं गुणा आणि वर्ग करा. विचलन सरासरीच्या १५ टक्के असेल तर ३६ फेऱ्या. एवढ्या फेऱ्यांत ९५ टक्के खात्रीनं सरासरी ५ टक्क्यांच्या आत येते. चूक निम्मी करायची तर १४४ लागतात. दहा फेऱ्यांवर कामाचा दर ठरवणं धोक्याचं.

उत्पादन वाढवायचं तरी मोजमापच लागतं. वास्तूप्रमाणे यंत्राचं तोंड फिरवून ते वाढत नाही. यंत्र हलवून माल वाहण्याचं अंतर कमी झालं तर वाढतं, आणि ते टेपनं मोजता येतं.

सर्वांत जास्त विसरली जाते ती सूट. आंबिया बहाराची फळं नोव्हेंबरच्या थंडीत भरली जातात, मृगाची मार्चपर्यंत चालतात. मार्चअखेर पत्र्याच्या शेडखाली तीच १५ टक्के पुरत नाही. २० धरली, तर वेळ १.५८ मिनिटं होते आणि पेट्या ३०३. थंडीत काढलेला दर उन्हाळ्यात तसाच लावला, तर दुपारी तीननंतर कुजलेली फळंही पेटीत जाऊ लागतात.